कांगेर घाटी, की बोरा गुहा: चुनखडीच्या पोटात उतरायचं तर कुठे?

आपल्याकडे गुहा म्हटलं की लेणी आठवतात, माणसांनी छिन्नीने बसाल्टमध्ये कोरलेली. पाण्याने चुनखडी विरघळवत घडवलेली गुहा पाहायची असेल, तर दोन जागा हमखास सुचवल्या जातात: छत्तीसगडच्या बस्तरमधली कांगेर घाटी आणि आंध्र प्रदेशातल्या अरकूजवळची बोरा. गंमत म्हणजे दोन्ही एकाच किरंदुल–विशाखापट्टणम रेल्वेमार्गाने जोडलेल्या आहेत.

सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर बोराच बरी. बोरा गुहालू स्टेशनापासून गुहा जवळ आहे. तोंड भव्य, पायऱ्या रुंद, आत दिवे. गोस्थनी नदीच्या पाण्याने घडलेलं हे दालन पाहून मान वर करून उभं राहावंसं वाटतं. आत शिवलिंगाची पूजा होते, शिवरात्रीला मोठी गर्दी असते. विशाखापट्टणमहून येताना घाटातला रेल्वेप्रवासही सुरेख. मला खटकतात ते रंगीत दिवे. दगडाचा मूळ रंग त्यात हरवतो, शिवाय सतत उजेड मिळाला की ओल्या चुनखडीवर हिरवं शेवाळ धरतं.

कांगेरची गोष्टच वेगळी. इथे गुहेभोवती अख्खं जंगल राखलेलं आहे: 1982 मध्ये जाहीर झालेलं, सुमारे 200 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. साल, साग, बांबू, आणि नशीब असेल तर माणसासारखी बोलणारी पहाडी मैना, छत्तीसगडचा राज्यपक्षी. मार्च 2025 मध्ये हे उद्यान युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेलं.

इथल्या कुटुमसर गुहेचं तोंड इतकं अरुंद की अंग चोरून उतरावं लागतं. आत दमट, कोंदट हवा, आणि उजेड फक्त वाटाड्याच्या हातातल्या दिव्याचा. तो दिवा विझला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कळत नाही. याच अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून इथल्या माशांचे डोळे खुरटले, अंगाचा रंग फिका पडला. 1950च्या दशकात डॉ. शंकर तिवारी यांनी या गुहेचा अभ्यास केला. इथल्या एका रातकिड्याच्या जातीला त्यांचंच नाव दिलं आहे, केम्पिओला शंकरी. छतावरून लोंबणारे स्तंभ घडायला हजारो वर्षं लागतात आणि बोटांचा तेलकटपणा त्यांची वाढ थांबवू शकतो. म्हणून कृपा करून हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

दम्याचा किंवा बंद जागेच्या भीतीचा त्रास असेल तर कुटुमसर टाळा. त्याऐवजी उद्यानातलाच तीरथगडचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा, सुमारे 300 फुटी धबधबा पाहा. पावसाळ्यात कुटुमसर गुहेत पाणी शिरतं, म्हणून ती बंद असते. तेव्हा निघायचं तर नोव्हेंबरनंतर. बोरा पावसाळ्यातही पाहता येते.

विदर्भातून निघणाऱ्यांना रायपूर–जगदलपूर रस्ता सोयीचा, कांगेर जगदलपूरजवळच आहे; मुंबई-पुण्याहून विशाखापट्टणमला विमानाने उतरलात तर बोरा आधी लागते. जगदलपूरच्या बाजारात कान उघडे ठेवा. हलबी या इथल्या बोलीत मराठीशी जुळणारे शब्द ऐकू येतील.

माझं मत विचाराल तर एकच जागा निवडायची असल्यास कांगेर. चार दिवस हातात असतील तर आधी कुटुमसर पाहा आणि मग गाडीने बोराकडे उतरा. अंधारातली गुहा आधी अनुभवली की दिव्यांच्या गुहेतही नजर दिव्यांमागच्या दगडाकडे जाते.