सेन्सर फॉल्टसाठी स्कॅनर की मल्टीमीटर?

राजापूरकडच्या एका पोकलेनवाल्या दादांनी विचारलंय, सेन्सरचा फॉल्ट शोधायला स्कॅनर (मशीनच्या कॉम्प्युटरला जोडून फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) घेऊ की मल्टीमीटरवर (व्होल्टेज मोजायचा मीटर) भागवू.

खर्चात तुलनाच नाही, मीटर एकदम स्वस्त. वेळ मात्र स्कॅनर वाचवतो, कोड लगेच, चालू इंजिनचं रेल प्रेशर (इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या पाइपातला दाब) पण दिसतं. पण कोड सर्किटचा असतो, सेन्सरच गेला असं नाही! कोडमधला एफएमआय, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणारा आकडा, 3 म्हणजे व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी, एवढंच. आपल्याकडे खारा वारा नि धो धो पाऊस, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, तिथे मीटरच लागतो, प्रेशर सेन्सरचा प्लग काढून इग्निशन ऑन करा, प्लगच्या सप्लाय पिनेवर मीटरने साधारण 5 व्होल्ट नाही आले तर आधी वायरिंग बघा, नवीन सेन्सरवर पैसे घालू नका.

एकच मशीन असेल तर मीटर पुरे. वेगवेगळ्या कंपनीच्या चार-पाच असतील तर स्कॅनर घ्याच, मीटर सोबत हवाच.