क्लिनिक चांगलं आहे, फक्त संध्याकाळी उघडं ठेवा

मैत्रिणीसोबत गेले होते. ती ट्रान्स आहे, दलित आहे, मराठवाड्यातून पुण्यात आलेली आणि खोली भाड्याने मिळता मिळत नाही. आधी ताप होता म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो तर केसपेपरवरचं जुनं, मुलाचं नाव अख्ख्या रांगेसमोर पुकारलं, ती तशीच उठून बाहेर आली आणि आठ दिवस ताप अंगावर काढला. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने उपचारात असा भेदभाव करायला बंदी आहे, पण खिडकीवर कोण ऐकतंय.

या संस्थेच्या क्लिनिकमध्ये टोकन नंबरने बोलावतात, आत गेल्यावर डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न, "काय नावाने हाक मारू?" माझ्याच डोळ्यात पाणी आलं.

संशोधनासाठी एक फॉर्मपण आहे, भरायची सक्ती नाही. त्यात जेंडरसोबत जात, काम, घरभाडं आणि दवाखाना कधी का टाळला हेही विचारलंय. हे भारीये, कारण नुसतं ट्रान्स म्हणून मोजलं की जातीचा त्रास दिसत नाही आणि नुसती जात मोजली की ट्रान्स असण्याचा त्रास दिसत नाही, अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये इंटरसेक्शनॅलिटी म्हणून मांडलं ते हेच. मैत्रीण म्हणाली, "अगं, दोन्ही एकदम कुणी पहिल्यांदाच विचारलं."

एक स्टार कापला. 'लैंगिक अभिमुखता' (म्हणजे कुणाबद्दल आकर्षण वाटतं ते) वगैरे फॉर्ममधले शब्द तिला कळेनात, शेवटी समुपदेशक ताईंनी शेजारी बसून समजावले. आणि पाचला बंद होतं, रोजंदारीवाल्यांनी खाडा करून यायचं का?