कडकनाथची पिल्लं: बल्बखाली की खुडूक कोंबडीखाली?

कडकनाथ ही काळी कोंबडीची जात घरी पाळायची ठरली की पहिला पेच इथेच पडतो. पक्षी मूळचा झाबुआ-अलीराजपूरकडचा, भिल्ल-भिलालांच्या अंगणात वाढलेला, काटक. पण त्याची मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. झाली तरी एकवीस दिवस नेटाने बसेल याची खात्री नसते. म्हणजे दोनच वाटा उरतात. हॅचरीतून, म्हणजे यंत्रात अंडी उबवणाऱ्या केंद्रातून, एक दिवसाची पिल्लं आणून बल्बच्या उबेखाली वाढवायची, नाहीतर गावरान कोंबडीला आई करायचं.

संगमेश्वरजवळच्या आमच्या घरी मी दोन्ही केलं आहे, घरापुरतं. शंभर-दोनशे पिल्लांचा विचार असेल तर ब्रूडरशिवाय, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणाऱ्या सोयीशिवाय, गत्यंतर नाही, तिथे माझा अनुभव उपयोगाचा नाही. 2019 मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या गुंतवणूक योजनांत लोकांचे पैसे बुडाले, तेव्हापासून या पक्ष्याचं नाव काढलं की अनेकजण हात जोडतात. परसातली दहा-वीस पिल्लं हा अगदी वेगळा मामला आहे, आणि मी त्याबद्दलच बोलतोय.

बल्बची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. कोंबडी कधी खुडूक होते याची वाट बघावी लागत नाही. पिल्लं मिळाली की काम सुरू. सगळ्यात मोठी सोय लसीची. सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडी (राणीखेत) रोगावरच्या लशीचा थेंब डोळ्यात टाकायचा असतो, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस. बल्बखालची पिल्लं एका जागी हाताशी असतात, दहा मिनिटांत काम होतं. कोंबडीच्या पंखाखालून पिल्लू काढायला जा, मनगट सोलून निघतं. मानमोडीने आठवड्यात रिकामं झालेलं खुराडं ज्याने पाहिलंय, त्याला या सोयीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. शिवाय आईच्या अंगावरच्या उवा पिल्लांना लागतात, तोही त्रास इथे नाही.

अडचणी म्हणाल तर जुना पिवळा बल्ब आता सहज मिळत नाही, आणि एलईडीला ऊब नसते. मी तीन दुकानं फिरलो तेव्हा साठ वॅटचे दोन मिळाले. वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. रात्री दोनदा उठावं लागतं. हे सगळं मी आनंदाने केलं. पंचवीसपैकी तेवीस पिल्लं सहाव्या आठवड्यापर्यंत आली. तिथेच थांबलो असतो तर आज बल्बचीच शिफारस केली असती.

माझं मत फिरलं ते त्यांना बाहेर सोडल्यावर, आणि तेही संध्याकाळमुळे.

पहिल्या दिवशी तेवीसही पिल्लं अंगणात छान चरली. सूर्य कलला तशी गावरान कोंबड्या आपसूक खुराड्यात शिरल्या. ही पिल्लं मात्र जिथे होती तिथेच गोळा झाली: काही करवंदीच्या जाळीत, काही लाकडांच्या रचीखाली, चार तर गडग्याच्या कडेला उघड्यावर. एकमेकांना चिकटून, डोळे मिटून. त्यांच्या आयुष्यात अंधार झालाच नव्हता, रात्र पडली की कुठे जायचं असतं हे त्यांना कोण सांगणार? कडकनाथचं पिल्लू पहिल्या दिवसापासून काळं-निळसर, त्यामुळे काळोखात तोंडावर बॅटरी मारली तरी दिसत नाही. मी गुडघ्यावर बसून जाळीत हात घालायचा, बायकोने टोपली धरायची, मोजायचं, एक कमी, पुन्हा जाळीत. असं एक-दोन दिवस नाही, जवळजवळ तीन आठवडे चाललं. दाणे दाखवून बोलावणं, दोन दिवस खुराड्यात कोंडून ठेवणं, सगळे उपाय केले, थोडीफार शिकलीही. पण ज्या संध्याकाळी आम्हाला घरी यायला उशीर झाला, त्या एका रात्रीत पाच गेली. घारीचंही तसंच. वरून सावली सरकली तरी ही मान वर करून बघत उभी. एका महिन्यात तेवीसची तेरा झाली.

पुढच्या दिवाळीनंतर आमची एक तांबडी गावरान खुडूक झाली. तिच्याखाली कडकनाथची अकरा अंडी ठेवली, नऊ फुटली. त्या नऊ पिल्लांच्या मागे मी एकाही संध्याकाळी फिरलो नाही. दिवस मावळायला लागला की ती क्लक-क्लक करत पुढे, ही मागे, आणि पाच मिनिटांत सगळी तिच्या पोटाखाली. घार दिसली की तिच्या गळ्यातून एक लांब खरखरीत आवाज निघतो आणि पिल्लं जागच्या जागी पाल्यात विरघळतात. आठव्या आठवड्यात तिने त्यांना चोच मारून वेगळं केलं, तरी पिल्लं खुराड्यातच परतत राहिली. नऊपैकी आठ मोठी झाली. एक तिच्याच पायाखाली चिरडलं, हेही सांगायला हवं.

कोंबडीचे तोटे आहेतच. दहा-बाराच्या वर तिच्याखाली मावत नाहीत. दोन-अडीच महिने तिची अंडी बंद. पावसाळ्यात बसवली तर ती पिल्लांना ओल्या गवतातून फिरवते आणि ती गारठतात, म्हणून मी दिवाळीआधी बसवत नाही. लशीच्या दिवशी रात्री खुराड्यात जावं लागतं, अंधारात ती बरीच नरम असते.

माझे अनुभव मोजून तीन-चार खेपांचे. तुमचं अंगण बंदिस्त असेल, वरून जाळी असेल, तर बल्बखालची पिल्लंही उत्तम वाढतील, त्यात मला शंका नाही. पण मोकळं परसदार आणि आजूबाजूला रान असेल तर मी कोंबडीची वाट बघेन, चार महिने बघावी लागली तरी.

हॅचरीतूनच पिल्लं आणायची असतील तरी दोन्हीचा मेळ बसतो. कोंबडीला खोट्या अंड्यांवर दोन आठवडे तरी बसू द्यावं, मग पिल्लं आणावीत. रात्री पूर्ण अंधारात एकेक पिल्लू मागून तिच्या पोटाखाली सरकवायचं आणि एकेक अंडं काढून घ्यायचं. दिवा लावू नये, बोलू नये. तिच्याखाली आधीच तिची स्वतःची पिल्लं फुटलेली असतील तर हे करू नका. आमच्या तांबडीने पिवळी पिल्लं पाहिल्यानंतर दिलेलं काळं पिल्लू टोचून बाहेर काढलं होतं. पहिल्यांदा काळीच पाहिली तर काळी तिची. सकाळी उजाडायच्या आत जाऊन बसा आणि ती त्यांना दाणा दाखवून बोलावते का ते बघा. बोलावलं, तर बल्ब आवरून ठेवायला हरकत नाही. नाही बोलावलं, तर पिल्लं लगेच उचला आणि बल्ब लावा, म्हणून तो आदल्या दिवशीच पेटवून पाहिलेला असावा.