लिनक्स कर्नलचा वन-वायर ड्रायव्हर, कोल्ड रूमवाल्यांनी नक्की वापरा

पिंपळगाव बसवंतकडे कुणी द्राक्षाच्या कोल्ड रूमचं तापमान मोजायचं म्हटलं की मी सांगतो, महागडा लॉगर राहू द्या, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावा आणि कर्नलमधलाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलाच डब्ल्यू१ (वन-वायर) ड्रायव्हर चालू करा. एकाच डेटा वायरवर बरेच सेन्सर बसतात कारण प्रत्येकाला ६४ बिटचा स्वतःचा नंबर असतो, आणि सेन्सर सापडला की त्याच्या नावाचं फोल्डर आपोआप तयार, आतली फाईल वाचली की तापमान हातात.

पण मला खरा आवडतो तो खालचा, हार्डवेअरशी जोडणारा इंटरफेस, काय सुंदर विचार केलाय राव! नवीन हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहायचा तर एक स्ट्रक्चर (माहितीचा साचा) भरायचं, त्यात वायर खाली-वर करायचं एक फंक्शन आणि वाचायचं एक, बास. ४८० मायक्रोसेकंदांच्या वरचा रीसेट (बोलणं सुरू करायचा लांब इशारा), बिटचं टायमिंग, सेन्सर शोधणं हे सगळं कोअर, म्हणजे डब्ल्यू१ चा सामाईक भाग बघून घेतो. तुमची चिप हुशार असेल, म्हणजे डीएस२४८२ सारखी आयटूसीवरची (चिपांना जोडणारी दुसरी एक बस), तर तिची बाइटची फंक्शनं द्यायची, मग टायमिंग चिपच सांभाळते, आणि वरचा तापमानाचा ड्रायव्हर जसाच्या तसा चालतो, त्याला खाली काय बदललं ते कळतही नाही.

एक स्टार कापला तो जीपीआयओ पद्धतीसाठी, म्हणजे सेन्सर थेट पायच्या पिनला जोडतो त्यासाठी. वाचताना बिट १५ मायक्रोसेकंदांच्या आत पकडावा लागतो म्हणून कर्नल तेवढा वेळ इंटरप्ट (बाकी हार्डवेअरच्या हाका) बंद ठेवतो, सेन्सर वाढले की हे सारखं सारखं होतं. शिवाय दर १० सेकंदांनी बसवर नवीन सेन्सरचा शोध चालू असतो, तो सगळे सेन्सर सापडल्यावर बंद करून टाका. वायर लांब गेली की सीआरसी (डेटा नीट आला का ते तपासणारा आकडा) चुकायला लागतो, तिथे सरळ डीएस२४८२ घ्या.

आणि हे लक्षात ठेवाच, कोल्ड रूममधे अचानक ८५ अंश दिसले तर घाबरू नका पण तो आकडा साठवूही नका! सेन्सर पॉवर-ऑन झाल्यावर त्याच्यात हीच व्हॅल्यू असते, मोजमाप झालंच नाही तर तीच परत येते आणि सीआरसी मात्र बरोबर दाखवतो, त्यामुळे चेक तुमच्या प्रोग्राममधे हवा. बहुतेक वेळा पॉवर कमी पडलेली असते, डेटा वायरवरूनच पॉवर घेऊन दोन वायरवर भागवू नका, तिसरी पॉवरची वायर ओढा आणि डेटा व पॉवरच्या वायरमधे ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लावा.