‘ताबुला रासा’: बाखच्या शेजारी ठेवण्याजोगा अल्बम

आजचे रचनाकार बाख किंवा बेथोव्हन या पाश्चात्त्य अभिजात संगीतातील जुन्या दिग्गजांच्या तोडीचे आहेत का, या प्रश्नाचा विचार करताना मला एस्टोनियन रचनाकार आर्वो पेर्त यांच्या ‘ताबुला रासा’ या १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या अल्बमकडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते. १९७७ च्या शीर्षकरचनेतील ‘सिलेंतियुम’ या दुसऱ्या भागात एक स्वरावली पायरीपायरीने सरकते, तर दुसरी डी मायनर या स्वरश्रेणीच्या तीन मुख्य स्वरांतच फिरत राहते; आणि अखेरीस डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्यावर उतरलेली चाल आधारस्वराच्या अगदी उंबरठ्यावर थांबते, तेव्हा तो न वाजलेला स्वर मनातच ऐकू येतो. असा शेवट सुचणे, हे माझ्या मते थोर प्रतिभेचेच काम आहे.

बाखच्या डी मायनरमधील दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोत (एकल वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत) सुरावटींची जी दाट वीण आहे, ती येथे नाही, आणि तिची उणीव मला जाणवते.

‘फ्रात्रेस’ ही पेर्त यांचीच आणखी एक रचना या अल्बममध्ये दोनदा आहे. त्यांपैकी बारा चेलोंच्या आवृत्तीपेक्षा गिदोन क्रेमर यांचे व्हायोलिन आणि कीथ जॅरेट यांचा पियानो असलेली आवृत्ती मला अधिक उत्कट वाटली. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. मात्र हा अल्बम पूर्ण शांततेतच ऐकावा, कारण त्यातील अत्यंत हळुवार स्वर किरकोळ आवाजानेही हरवतात.