लेथ सीएनसी करून नऊ महिने: पावणेदोन लाख गेले, त्यात हँडलही गेलं

सहा फुटी जुना लेथ सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर मोटरींनी चालणारा, करून घेतला, त्याला नऊ महिने झाले. मोटरी किती ताकदीच्या, ड्राइव्ह कोणते, बॉलस्क्रू किती जाडीचा, ते राहू द्या. मला बोलायचंय हँडलबद्दल.

काम करून देणाऱ्याने क्रॉस स्लाइडचं, म्हणजे टूल आत-बाहेर न्यायचं, हँडल काढलं आणि त्याच जागी, पुढच्या बाजूला, मोटर बसवली. टूल लांबीला सरकवणाऱ्या कॅरेजचं मोठं चाक ॲप्रनसकट, म्हणजे पुढच्या पेटीसकट, उतरवलं. हे सगळं मी किलोवर भंगारात दिलं, आणि त्या दिवशी खुशही होतो. आता कापसाच्या जिनिंगवाला एखादा बुश घेऊन दारात येतो, "भाऊ, फक्त फेसिंग मारून द्या" म्हणतो, म्हणजे तोंड सपाट करून द्या. पूर्वी चकमध्ये धरला, हँडल दोन फेरे फिरवलं, शंभराची नोट गल्ल्यात. आता कॉम्प्युटर चालू करा, दोन्ही अक्ष होमला, म्हणजे शून्याच्या जागी, न्या, टूल जॉबला टेकवून माप घ्या, तेलकट बोटांनी कीबोर्डवर आकडे मारा. पोरगं म्हणतं चार ओळींचा तर प्रोग्राम आहे. चार ओळी टाइप होईपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये पोचतं.

आमचे अप्पा अमळनेरकडचे, तीस वर्षांचे टर्नर. पहिल्या दिवशी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मशीनना हातच तोडी टाकात तुम्ही." मला तेव्हा हसू आलं होतं.

एका गोष्टीसाठी मात्र पैसे वसूल झाले: आटे. आटे पाडताना टूल ओढणारा आमचा लीडस्क्रू इंची, चार टीपीआयचा, म्हणजे इंचाला चार आटे. मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचं गिअर शोधा, गिअरची गाडी लावा, आणि कॅरेज लीडस्क्रूला जोडणारा हाफनट एकदा लावला की सोडायचा नाही. प्रत्येक पासनंतर, म्हणजे टूलच्या एका खेपेनंतर, मोटर उलटी फिरवून मागे यायचं. दीड मिमी पिचचे वीस नट-बोल्ट म्हणजे अर्धा दिवस. आता जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलला फेऱ्याला १०२४ पल्स देणारा एन्कोडर आहे, एकास एक टायमिंग बेल्टवर. प्रत्येक पास त्याच्या इंडेक्स पल्सवर, म्हणजे फेऱ्यातून एकदाच येणाऱ्या खुणेवर, सुरू होतो, जी७६ ची, म्हणजे आटे पाडायच्या हुकमाची, एक ओळ लिहिली की टूल दर वेळी त्याच खाचेत उतरतं. इंची असो वा मेट्रिक, गिअरला हात लावायचा नाही. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्ससीएनसी, फुकट आहे, जुना पॅरलल पोर्टचा कॉम्प्युटर घरातच पडून होता. माझ्यासारख्या चिकटाला याहून काय हवं?

पण हेच आटे ऐन दिवाळीत, जिनिंग सुरू व्हायच्या तोंडावर, बिघडले. पाच शाफ्टपैकी दोनांवर दुहेरी आटा. सेटिंग करणाऱ्याला फोन केला तर "टूल ढिलं असेल". दुसऱ्यांदा केला तर "व्होल्टेज बघा". तिसऱ्यांदा उचलला नाही. शेवटी मीच पॅनल उघडलं. एन्कोडरची वायर आणि व्हीएफडीची (स्पिंडल मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या डब्याची) मोटर वायर एकाच पट्टीतून, एकमेकींना बिलगून नेलेली. व्हीएफडीचा नॉइज इंडेक्सच्या वायरीत शिरत होता आणि खोट्या पल्सवर पास सुरू व्हायचा. वायर शील्डवाली घेतली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, वीतभर लांबून नेली. खर्च साडेतीनशे. दोन शाफ्टांचं मटेरियल गेलं ते वेगळं.

यूपीएसबद्दल एक सावधगिरी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला आणि लाइटचा लपंडाव. मी हुशारीने कॉम्प्युटर आणि टूलच्या मोटरी चालवणारे ड्राइव्ह दोन्ही यूपीएसवर घेतले. लाइट गेली, स्पिंडल थांबला, टूल मात्र पुढे चालतच राहिलं आणि थांबलेल्या जॉबमध्ये घुसलं. टूलची टिप तर गेलीच, होल्डरही वाकला. तेव्हापासून कटिंगचे प्रोग्राम जी९५ मध्येच: फेऱ्याला इतकं फीड, म्हणजे स्पिंडल थांबला की फीडही थांबतं.

अचूकपणाबद्दल लोक मायक्रॉनच्या गप्पा मारतात. मोटरीच्या एका फेऱ्याला २००० पल्स, स्क्रू ५ मिमी पिचचा, थेट जोडलेला. म्हणजे एका पल्सला अडीच मायक्रॉन. हा झाला कागद. आमचा बेड चकजवळ झिजलेला, तो काही कॉम्प्युटर लावल्याने सरळ होत नाही. ३०० मिमी शाफ्टवर ०.०४ मिमी टेपर, म्हणजे एका टोकाकडून दुसरीकडे जाडीतला फरक, येतोच. फायदा एवढाच की रोज तेवढाच येतो, त्यामुळे प्रोग्राममध्ये तेवढाच उलटा टेपर देऊन टाकतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं आणि मधे दहा दिवस गेले. तेवढ्यात हँडलचा त्रास असह्य होऊन एमपीजी, म्हणजे हाताने फिरवायचं इलेक्ट्रॉनिक चाक, मागवलं. ३,४०० रुपये. पावणेदोन लाख घालवून याच्यासाठी नऊ महिने हात आखडला, हे आता पटत नाही. एका फेऱ्यात शंभर टिचक्या, एका टिचकीला शतांश मिमी. बुशचं फेसिंग पुन्हा पाच मिनिटांवर आलं. तेव्हा वरची हँडलवाली तक्रार निम्मी मागे घेतो.

निम्मीच. कारण अप्पांनी चाक दहा मिनिटं फिरवून पाहिलं आणि खाली ठेवलं. टूल बोथट झालं की जुन्या हँडलला हात जड लागायचा, कडक डाग लागला की तळव्याला कळायचं. हे चाक प्लास्टिकचं, पुढे लोणी असो की लोखंड, फिरतं सारखंच. परवा जुन्या शाफ्टवरच्या वेल्डिंगच्या टाक्यावर टिप गेली, अप्पांना कळलं ते आवाजावरून.

आता दुसरा लेथ करायचाय. क्रॉस स्लाइडची मोटर मागच्या बाजूला घ्या, पुढचं हँडल राहू द्या, असं मी काम करणाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, रॅपिडमध्ये, म्हणजे टूल झपाट्याने सरकताना, हँडल गरगर फिरेल, कुणाची बाही अडकेल. बरोबर आहे त्याचं. मग मूठ तेवढी काढता-घालता येईल अशी करा, म्हटलं. त्याने कोटेशन पाठवलंय, मोटर मागे बसवण्याचे दोन हजार जास्त लावून. मी हजारावर अडून आहे.