पाइपर कबच्या प्लॅनपायी १०,८५० रुपये गेले

आधीच सांगतो, मला लॉटरी लागली नव्हती, की कुणी पैसे दुप्पट करून देणार नव्हतं. बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचं मॉडेल विमान स्वतःच्या हातानं बनवायचं होतं, एवढाच माझा गुन्हा. पाइपर जे-३ कब नावाचं जुनं छोटं विमान, मूळच्या एक षष्ठांश मापात.

विकणारा मराठी, वागळे इस्टेटमध्ये वर्कशॉप आहे म्हणाला, दर वाक्याला ‘काका’. छापील प्लॅनचे, म्हणजे पूर्ण मापाच्या आराखड्याचे, २,४०० रुपये. आउटरझोन या वेबसाइटवर प्लॅन फुकट मिळतात हे मला ठाऊक होतं, पण एवढा मोठा कागद छापायचा कुठे? (गोखले रोडवरचा झेरॉक्सवाला प्लॉटरवर छापतो, हे आता कळलंय.)

प्लॅन खरंच आला. तिथेच मी गाफील झालो. शनिवारी रात्री हॉलमध्ये पसरला. खऱ्या कबचा पंख १०.७४ मीटर, म्हणजे कागदावर १७९ सेंटीमीटर हवा. आमच्या लाद्या साठ सेंटीमीटरच्या. पंख तीन लाद्या भरायला हवा होता. अर्धी वीत कमी पडला. मला दिसलं! कागद दुमडला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. कोपऱ्यातली मापपट्टी छापताना कापली गेली होती, तेही दिसलं. मग घरातली ६ मिलीमीटर जाडीची लाकडी पट्टी स्पारच्या (पंखातल्या मुख्य दांड्याच्या) खाचेवर ठेवली, तर अगदी फिट्ट. खूश झालो. अरे मूर्खा, मूळ खाच पाव इंचाची, ६.३५ मिलीमीटरची. ती आक्रसून सहावर आली होती म्हणून पट्टी बसली! सर्वो (विमानाचे भाग हलवणारी छोटी मोटर) ठेवून बघितला असता तर तिथेच उघडं पडलं असतं, चाळीस मिलीमीटरचा सर्वो त्या चौकोनात मावलाच नसता. पण मी त्याच रात्री कापलेल्या बाल्सा सेटचे ७,८०० पाठवले. सोमवारी लाकडी पेटीचे ६५० मागितले, तेही दिले. मग फोन बंद.

वागळे इस्टेट माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. पाऊस होता म्हणून आधी गेलो नाही. गेलो तेव्हा त्या पत्त्यावर गंजलेलं शटर आणि वडापावची गाडी.

मेसेजचे स्क्रीनशॉट आधी काढा, मला पाठवलेले मेसेज त्यानं दोन्हीकडून उडवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. मी लाजेपायी तीन दिवस घालवले. बँकेतली बाई म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ चौकीतल्या हवालदारानं विचारलं, ‘खेळण्याच्या विमानाला दहा हजार? मुलगा केवढा आहे?’ मुलगा नाही हो, मीच! त्यानं सायबरकडे पाठवलं, सायबरवाल्यांनी पुन्हा चौकीत. प्रत्येक टेबलावर मला बाल्सा म्हणजे काय इथपासून सुरुवात. एकानं तर लिहून घेतलं, ‘फर्निचरचे लाकूड’. दुरुस्त करा म्हटलं तर, ‘त्यानं काय फरक पडतो?’ कागदावर गुन्हाच बदलला, आणि फरक पडत नाही!

प्लॅन हातात आला की आधी पट्टी लावा, पंखाची पूर्ण लांबी मोजा. घरी छापताना ‘फिट टू पेज’ बंद करा, शंभर टक्केच ठेवा. लाकडाचा फोटो नको, वजनकाट्यावर ठेवून व्हिडिओ मागा. पत्ता ठाण्यातला असेल तर पाऊस असो नाहीतर काही, जाऊन या.

नऊ आठवडे झाले. पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे ‘अंडर प्रोसेस’ आहे. लाकूड अजून फर्निचरचंच.